प्रवासी सायकलीचे चाक केवढे असावे?



वसंतातल्या या मंडपात अर्थकारण, इतिहास, वेदान्त असे भारदस्त विषय येऊन बसतात. त्यांच्या पंक्तीला मी आज सायकलीचे चाक आणून ठेवीत आहे. विषय लहान दिसतो खरा. पण ज्याला सायकलीवर बिऱ्हाड बांधून चार-आठ दिवसांच्या प्रवासाला निघावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. सायकलीचे सीट बदलता येते, हॅण्डल बदलता येते, पायडल तर पाच मिनिटांत बदलते. चाकाचे माप मात्र सांगाड्याशी आणि पुढच्या चिमट्याशी जखडलेले असते. ते एकदा घेतले की सायकल जाईपर्यंत आपल्याबरोबर राहते. शहरात त्याची चूक कळत नाही, कारण कोपऱ्यावर दुकान असते. ती कळते ती घाटाच्या पायथ्याशी, दिवस कलताना, टायरची कड फाटली आणि गावातला दुकानदार 'हा साइज नाही आपल्याकडे' म्हणाला म्हणजे!

तेव्हा आजचा प्रश्न असा, की दूरच्या प्रवासासाठी चाक केवढे असावे, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे? उत्तर शेवटी देतो. आधी हा प्रश्न निर्माण कसा झाला ते पाहू.

पायाने ठरणारे चाक

एक काळ असा होता की चाकाचे माप दुकानदार ठरवीत नसे, स्वाराचे पाय ठरवीत. गेल्याच्या मागच्या शतकात, म्हणजे १८७० ते १८९० च्या दरम्यान, पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेली सायकल प्रचारात होती. तिला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच लावलेले असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक मोठे हवे तर तंगड्या लांब हव्यात! ज्याचा पाय जेवढा पोचेल तेवढे चाक, हा त्या काळचा नियम.

अशाच पन्नास इंची चाकावर टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानातील योकोहामा येथे त्याने पृथ्वीप्रदक्षिणा संपवली. त्या प्रवासात तो आपल्या देशातही येऊन गेला. लाहोरहून कलकत्त्यापर्यंत तो ग्रॅण्ड ट्रंक रोडने सायकलीवर गेला. पन्नास इंची चाकाचा परीघ सुमारे चार मीटर. म्हणजे पायाच्या प्रत्येक फेऱ्याला चार मीटर रस्ता कापला जाणार, मग तो सपाट असो की चढाचा. चढ न झेपला तर उतरून ढकलावयाचे, दुसरा इलाज नाही.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल तयार केली, आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर आणला. या दोन गोष्टींनी चाक पायाच्या बंधनातून सुटले. वेग आता पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या प्रमाणावर ठरू लागला, आणि हादरे शोषण्याचे बरेचसे काम हवेकडे गेले. चाक लहान करावे की मोठे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला. आणि प्रश्न मोकळा सुटला की माणसे काय करतात? हवी तेवढी मापे काढतात!

आकड्यांचा बाजार

सायकलीच्या दुकानात जाऊन 'चोवीस इंची सायकल' मागितली तर आपल्याकडे जुना दुकानदार सांगाड्याची उंची समजतो. त्या चोवीस इंची सायकलीचे चाक अठ्ठावीसचे असते. लहान मुलांच्या सायकलीला मात्र 'चोवीस इंची' म्हटले की चाकच समजावयाचे. ही गोंधळाची पहिली पायरी.

दुसरी पायरी याहून गमतीची आहे. चाकावर लिहिलेला इंचाचा आकडा हा रिमचा व्यास नव्हे. टायर चढवून हवा भरल्यावर बाहेरून जेवढे चाक व्हावे असा अंदाज, तो हा आकडा. टायर जाड घेतला तर रिम लहान हवी, बारीक घेतला तर मोठी. फ्रान्समध्ये याचसाठी ७०० मिलिमीटरच्या चाकाला अ, ब, क अशी अक्षरे जोडली गेली. बारीक टायरचे ते '७०० ए', जाड टायरचे ते '७०० सी'. पुढे टायर बदलले, अंदाज बदलले, नावे मात्र चिकटून राहिली. आजच्या '७०० सी' रिमवर २८ मिलिमीटरचा टायर चढवला तर चाक बाहेरून ६७८ मिलिमीटरच भरते. सातशे ते कुठेच नसते!

परिणाम असा की, 'सव्वीस इंची' या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळ्या रिमा नांदतात. २६ × १.९५ असे दशांशात लिहिलेल्या टायरची रिम ५५९ मिलिमीटरची. २६ × १-३/८ ची ५९० ची. २६ × दीडची ५८४ ची. यांपैकी एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचे २८ × दीड हे चाक ६३५ चे. शहरी तरुणाच्या नव्या सायकलीचे '७०० सी' हेही अठ्ठावीसच म्हणवते, पण ते ६२२ चे. डोंगरी सायकलीचे 'एकोणतीस' म्हणून जे मिरवते तेही पुन्हा ६२२ चेच! आणि जुन्या रेसिंग सायकलीचे 'सत्तावीस' ६३० चे, तर अलीकडचे 'साडेसत्तावीस' ५८४ चे. साडेसत्तावीस हे सत्तावीसपेक्षा लहान, असे हे गणित आहे. शाळेत कोणी असे लिहिले असते तर मास्तरांनी काय केले असते ते मी सांगावयास नको.

या जंगलातून बाहेर पडण्याची एक वाट मात्र आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट आपण घरी नेली तरी मला समाधान वाटेल. टायरच्या कडेवर ठळक अक्षरांजवळ बारीक अक्षरांत '४०-६२२' किंवा '५०-५५९' अशी जोडसंख्या उठवलेली असते. तीतला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रिममध्ये टायरची कड जेथे बसते त्या वर्तुळाचा व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडा जुळला तर टायर बसेल; तो जुळला नाही तर इंचांचे आकडे कितीही जुळोत, टायर बसणार नाही. घरी गेल्यावर आपल्या सायकलीचा तो आकडा पाहावा, आणि वहीत लिहून ठेवावा.

मापाने खरोखर काय बदलते?

आता मुद्द्याकडे वळू. प्रवासी माणसाच्या दृष्टीने आज तीन मापे विचारात घेण्यासारखी आहेत: ६२२ चे मोठे चाक, ५५९ चे मधले चाक, आणि ४०६ चे लहान, म्हणजे वीस इंची चाक. तिन्हींवर ४० मिलिमीटरचा टायर आहे असे धरू आणि तुलना करू.

पहिली गोष्ट, वाटेतला धोंडा. चाक जितके मोठे तितके ते धोंड्यावर हलकेच चढते, लहान चाक त्याला आपटते. पण किती फरक पडतो? २५ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे इंचभर दगड घेतला आणि चाक अजिबात न दबणारे मानले, तर मोठ्या चाकाला त्यावर चढावयास जेथे शंभर भाग जोर लागेल तेथे मधल्याला सुमारे १०५ आणि वीस इंचीला सुमारे १२३ भाग लागेल. म्हणजे मोठ्यात आणि मधल्यात फरक पाच टक्क्यांचा. तो टायर थोडा रुंद घेऊन सहज भरून निघतो. वीस इंची चाकाचा फरक मात्र मनगटांना जाणवल्यावाचून राहत नाही. म्हणून अलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनियरने १९६२ साली लहान चाकाची सायकल काढली तेव्हा तिला पुढे-मागे हादरे शोषणारी योजनाही बसवली. लहान चाकाला ही भरपाई द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते.

दुसरी गोष्ट, फेऱ्यांची संख्या. एका किलोमीटरला मोठे चाक सुमारे ४५३ फेरे घेते, मधले सुमारे ४९८, आणि वीस इंची सुमारे ६५५. जितके फेरे अधिक तितका टायर लवकर झिजणार, हे ओघानेच आले.

तिसरी गोष्ट, चढ. पुढे २८ दाते आणि मागे ३२ दाते अशी हलकी जोडी लावली, तर पायाच्या एका फेऱ्याला मोठे चाक १ मीटर ९३ सेंटिमीटर पुढे जाते, मधले १ मीटर ७६ आणि वीस इंची १ मीटर ३४. अंतर कमी म्हणजे पायावरचा भार कमी. पंधरा-वीस किलोचे ओझे घेऊन घाट चढणाऱ्याला लहान चाक इथे हात देते. उलट सपाटीवर त्याच चाकाने वेग धरावयाचा तर पुढे मोठ्या दात्यांचे चेनव्हील लागते.

चौथी गोष्ट, मजबुती. लहान रिमच्या तारा आखूड असतात, आणि आखूड तारांचे चाक बाजूच्या धक्क्याने सहजी वाकडे होत नाही. सामान कॅरिअरवर असते म्हणून मागच्या चाकावर भार अधिक पडतो. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा ठेवण्याची जुनी विलायती चाल होती, ती याच अनुभवातून आलेली. प्रवासासाठी मोठे चाक घेणाराने मागे निदान ३६ तारा मागून घ्याव्यात, आणि निघण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून आउट काढून तारा सारख्या ताणून घ्याव्यात. चांगले बांधलेले मोठे चाक हे वाईट बांधलेल्या लहान चाकापेक्षा केव्हाही भरवशाचे.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे स्वाराची उंची. पाच फूट तीन इंचांच्या आतल्या माणसाला, आणि आपल्याकडे कित्येक भगिनींची उंची तेवढीच असते, मोठे चाक नीट मानवत नाही. सांगाडा लहान आणि चाक मोठे, अशी जोडी लावली की वळणावर पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासतो आणि हॅण्डल नको तेवढे वर जाते. अशा स्वाराने मधले चाक घ्यावे. येथे फॅशनचा विचार करू नये. आपल्या अंगाचा अंगरखा आपल्या मापाचा असावा.

रुंदीचे महत्त्व

एवढा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रवासाचे सुख व्यासापेक्षा टायरच्या रुंदीवर अधिक अवलंबून असते. फ्रान्समधील सेंत-एतिएनचा पॉल द व्हिवी याने, ज्याला सारे 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ओळखत, हे फार पूर्वी सांगून ठेवले. १८५३ ते १९३० हा त्याचा जीवनकाल. १८८७ पासून तो सायकलप्रवासाला वाहिलेले मासिक चालवी, आणि रुंद टायर, जरा लहान चाक व अनेक गिअर यांचा तो कैवारी होता. शर्यतवाल्या मंडळींना हे पटावयास वेळ लागला. 'तूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली ती १९३७ साली! प्रवासी मंडळींचे मात्र ५८४ चे जाडसर चाक फ्रान्समध्ये रूढ होऊन बसले.

बारीक टायर दगडासारखा फुगवावा लागतो, म्हणून प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूब चिरडते. रुंद टायरमध्ये हवा अधिक, म्हणून ती थोड्या दाबानेही भार पेलते. आपल्या रस्त्यांवर सामानासह जाणाराने ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा असे माझे मत आहे. सायकल विकत घेताना आणखी एक पाहावे: चिमट्यात आणि मडगार्डखाली एवढ्या रुंद टायरला जागा आहे काय?

टायर मिळेल कोठे?

आता शेवटची आणि माझ्या मते निर्णायक कसोटी. सहनशील रिम, उत्तम तारा, योग्य रुंदी, सारे साधले; पण टायर हा झिजण्यासाठीच जन्माला आलेला असतो. तो फाटला तर दुसरा कोठून आणणार?

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी सव्वीस इंची फुगीर टायर आणला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही हौशी तरुण त्याच जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून धावू लागले, आणि त्यातून डोंगरी सायकल जन्मली. तिच्याबरोबर ५५९ चे चाक जगभर पसरले. पुढे कित्येक वर्षे जगप्रवाशांमध्ये एक नियमच होऊन बसला, की दूर जावयाचे तर सव्वीस इंची घ्यावे, कारण ते जेथे जाल तेथे मिळेल.

तो नियम त्या काळी खरा होता. परंतु साधारण २०१० नंतर कारखानदारांनी डोंगरी सायकलींना एकोणतीस आणि साडेसत्तावीसची चाके लावण्यास सुरुवात केली, आणि उंची बनावटीचे सव्वीस इंची टायर मोठ्या दुकानांतून कमी होत गेले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी साधा सव्वीस इंची टायर अजून भेटतो, कारण शाळकरी मुलांच्या सायकली त्याच मापाच्या आहेत. ६२२ चा टायर मोठ्या शहरात सहज मिळेल. आडगावी त्याची खात्री धरू नये. म्हणजे पूर्वीचा नियम आता अर्धा उरला आहे, आणि दहा वर्षांनी किती उरेल हे बाजार ठरवील. म्हणून पुस्तकातला किंवा मित्राने सांगितलेला नियम प्रमाण न मानता, ज्या वाटेने जाणार त्या वाटेवरच्या दुकानाच्या भिंतीवर कोणते टायर टांगलेले आहेत ते पाहावे. ती भिंत खोटे बोलत नाही.

यावर एक तोड आहे. हल्ली तारेऐवजी मजबूत धाग्याची कड असलेले टायर मिळतात. त्यांची घडी होते. असा एक घडीचा टायर आणि दोन ट्यूबा सामानात तळाशी ठेवल्या, तर दुकानदारावरचे आपले अवलंबन पुष्कळ कमी होते. ट्यूबेचा व्हॉल्वही पाहून घ्यावा. मोटारीच्या जातीचा जाड व्हॉल्व असेल तर पेट्रोलपंपावरही हवा भरता येते. बारीक विलायती व्हॉल्व असेल तर त्याची पितळी टोपी खिशात बाळगावी.

एक उदाहरण

नुसता उपदेश कोरडा वाटेल, म्हणून एक प्रवास डोळ्यांपुढे आणू. दिवाळीनंतर कराडहून निघावे, पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला यावे, तेथून गुहागर. मग हेदवीवरून तवसाळच्या धक्क्यावर सायकलीसकट फेरीबोटीत बसून जयगडला उतरावे. पुढे गणपतीपुळे, रत्नागिरी, आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. वाटेत डांबरी सडक आहे, जांभ्याची तांबडी माती आहे, किनाऱ्यावर दर खाडीला एक उतार आणि एक खडा चढ आहे.

या वाटेवर वीस इंचीवाला फेरीबोटीत आणि परतीच्या गाडीत सर्वांत सुखी, पण तांबड्या मातीच्या खडबडीत तुकड्यावर तो सर्वांत आधी उतरेल. कुंभार्लीच्या उतारावर रिमला घासणारे ब्रेक असतील तर त्याची रिमही आधी तापेल, कारण तिच्यात धातू कमी. त्याने थांबत थांबत उतरावे. मोठ्या चाकाचा स्वार डांबरी रस्त्यावर पुढे राहील, मात्र त्याने घडीचा टायर घेतलाच पाहिजे. कराड, चिपळूण आणि रत्नागिरी ही मोठी ठाणी सोडली तर मधल्या गावांवर भिस्त ठेवून चालणार नाही. मधल्या चाकाचा स्वार कोठेच पहिला येणार नाही. पण आंबा घाटात त्याचे पाय कमी दुखतील, आणि टायर फाटलाच तर बाजारपेठेच्या गावी त्याची अडचण सुटण्याचा संभव सर्वांत अधिक.

तात्पर्य

कोणी विचारील, की एवढा विचार कशाला? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे वाळवंटे आणि जंगले ओलांडून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्यांनी का अशी कोष्टके मांडली असतील? आक्षेप बरोबर आहे. निश्चय असेल तर कोणत्याही चाकावर जग फिरता येते. स्टीव्हन्सने तर पन्नास इंचीवर फिरून दाखविले. परंतु विचाराचे काम निश्चयाची जागा घेणे हे नव्हे. निश्चयाला पुढे येणारा फुकटचा त्रास आधीच कमी करून ठेवणे, एवढेच ते काम आहे.

म्हणून उत्तर देतो. आधी आपली उंची पाहा; ती कमी असेल तर मधले चाक घ्या. उंची पुरेशी असेल आणि वाट बहुतेक डांबरी व मोठ्या गावांची असेल तर मोठे चाक घ्या. आगगाडी, बस आणि होडी यांत वारंवार चढावयाचे असेल तरच वीस इंची घ्या. कोणतेही घ्या, पण टायर रुंद ठेवा, चाक चांगल्या हाताकडून बांधून घ्या आणि घडीचा एक टायर जवळ बाळगा. आणि जर घरात आधीच एक धडधाकट सायकल उभी असेल, तर माप बदलण्याच्या भरीस न पडता तिचाच आकडा वाचा, तिच्यात बसेल तेवढा रुंद टायर चढवा आणि निघा. मोठ्या आणि मधल्या चाकांतले पाच टक्के हे नवी सायकल घेण्याइतके मोठे खास नाहीत. दारात उभ्या असलेल्या सायकलीने चुकलेली दिवाळीची सुटी मात्र फार मोठी आहे.